खिंडीतून चारशे तेरा

१२ जानेवारी, सोमवार

माणसाला पांढरे पट्टे आखून दिले तरी तो पट्ट्यांवरून चालत नाही. या एका वाक्यात माझा अहवाल संपायला हवा. पण कुलसचिवांना दहा पाने हवी आहेत.

शुक्रवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ग्रंथालयाच्या बाइंडरला रस्ता ओलांडताना मोटारीने उडवले. उजवा पाय मांडीत मोडला. मोटार संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांची. मुले त्यांना 'सरासरी' म्हणतात. मी विद्यापीठाच्या पादचारी सुरक्षा समितीची चिटणीस. ही समिती दीड वर्षापूर्वी जन्मली, सहा पट्टे आखून झोपी गेली आणि आता या धडकेने जागी झाली आहे.

ठरवायचे आहे ते एवढेच, की चूक कोणाची. बाइंडर कंत्राटी आहे, कंत्राट मार्चअखेर संपते. चूक त्याची ठरली तर 'बेजबाबदार वर्तन' हे कलम लागेल आणि त्याला पुन्हा घेणार नाहीत. एकवीस वर्षे तो इथली पुस्तके शिवतो आहे. पण एकवीस वर्षे हा काही पुरावा नव्हे.

दुपारी टेप घेऊन स्वतः मोजले. झेब्रा क्रॉसिंग प्रशासकीय इमारतीसमोर आहे. तो पडला ती जागा तिथून सत्तेचाळीस मीटरवर, ग्रंथालयाच्या मागच्या दारासमोर. कुंपणाच्या झाडीत तिथे माणूस जाईल एवढी फट पडली आहे. मुले तिला खिंड म्हणतात. जणू लढवायलाच निघाली आहेत! सत्तेचाळीस मीटर चालून पाहिले. अडतीस सेकंद लागले. अडतीस सेकंदांचा आळस माणसाला पायाहून मोठा वाटतो, याला काय म्हणावे?

(टेप भांडाराच्या वहीत सही न करता आणली होती. उद्या आधी सही करायची.)

१३ जानेवारी

समितीची बैठक. सरासरी समितीचे सभासद आहेत, म्हणजे स्वतःच्याच खटल्यात पंच. हा विषय निघाल्यावर उठून बाहेर जातील असे वाटले होते. त्यांनी बिस्किटांची बशी जवळ ओढली.

"तो एकदम झाडीतून आला हो," ते म्हणाले. "ससा यावा तसा. मी काय करणार?"

"वेग किती होता, सर?" समितीतल्या अभियंत्याने विचारले.

"नेहमीचाच."

"नेहमीचा म्हणजे किती?"

"अहो, घरापासून सरासरी काढलीत तर वीसच्या आत येईल."

कोणी हसले नाही. मी हसू दाबले. ते दाबणे सभ्यपणा होता की भित्रेपणा, हे घरी येईपर्यंत ठरवता आले नाही.

अध्यक्ष या नात्याने कुलसचिव बोलले. समाजात शिस्त उरली नाही, मुलांच्या कानांत सदानकदा बुचे, आणि मुलांचे बघून कर्मचारी बिघडतात. मला ते पटले आणि पटल्याचाच त्रास झाला. मूर्ख माणसाशी आपले मत जुळले तर ते पुन्हा तपासून घ्यावे. मी तपासले. बरोबरच निघाले.

१५ जानेवारी

भाची माझ्याकडे राहून इथेच शिकते. यंदा तिसरे वर्ष. जेवताना म्हणाली, "मावशी, बाइंडरमामांना काढणार का ग?"

"चूक सिद्ध झाली तर."

"कुणाची?"

"क्रॉसिंग सोडून जो गेला त्याची."

"मग आम्हा सगळ्यांनाच काढा. त्या पट्ट्यांवरून जातंय कोण? तुमचे साहेब, तेसुद्धा फोटोपुरते."

"घरात ऑफिसचं नको, हे ठरलंय ना आपलं?"

"हो. तुला घरात ऑफिस नको आणि ऑफिसात माणसं नकोत."

ताट उचलून गेली. जीभ थेट आईवर गेली आहे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीवर. तिलाही आकडा दाखवल्याशिवाय काही पटायचे नाही. ठीक आहे. नियम मोडणारे किती, ते मोजूनच दाखवते.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी दहा ते अकरा ग्रंथालयाच्या मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. तिथून पट्टेही दिसतात आणि खिंडही. वहीत दोन रकाने: पाळणारे, मोडणारे.

पाळणारे एकोणीस. त्यांत तेरा आमच्याच इमारतीतले, एक पोस्टमन, तिघे पाहुणे. उरलेले दोघे पट्ट्यांवर उभे राहून एकमेकांचे फोटो काढत होते. त्यांना पाळणारे म्हणावे का, हा प्रश्नच आहे. एक कुत्राही पट्ट्यांवरून गेला. तो धरला नाही. मागाहून वाटले धरायला हवा होता, कारण दोन्ही बाजूंना बघून गेलेला तो एकटाच.

मोडणारे चारशे बारा. चारशे बारा मेंढरे! एक मुलगी फोनमध्ये डोके घालून आली, मोटारीने कचकन ब्रेक दाबला, तर ही वर न बघता मोटारीलाच 'सॉरी' म्हणून पुढे. एक प्राध्यापक वर्तमानपत्र वाचत गेले. यांच्या हाती उद्याची पिढी आहे.

आकडा भाचीपुढे ठेवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"मावशी, चारशे बारा माणसं चुकली आणि सहा पट्टे बरोबर?"

"रस्ता बहुमताने ठरत नसतो."

"मग कशाने ठरतो?"

"समितीने."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मीच आणून दिले.

२१ जानेवारी

आज मीही खिंडीतून गेले. हातात फाइली होत्या आणि ग्रंथपालांनी वेळ दिलेली होती. दोन्हीकडे नीट बघून गेले. नाइलाजात आणि बेशिस्तीत फरक असतो.

काल मोजणी चालू असताना पावणेअकराला पाणी प्यायला पलीकडे गेले होते. कुठून गेले ते आठवत नाही. (आठवते.) पण मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचे नसते.

२३ जानेवारी

बाइंडरचा जबाब घ्यायला रुग्णालयात गेले. पाय वजनाला टांगलेला. बायको उशाशी बसून त्याची नखे कापत होती. मी ओळख सांगितली, तर ती उठून उभी राहिली आणि पूर्ण वेळ उभीच होती. बसा म्हटले तरी बसेना.

त्याला अपघाताबद्दल बोलायचेच नव्हते. "मॅडम, खळीचं भांडं उघडं राहिलंय. कोणी झाकलं का?"

खळ म्हणजे पुठ्ठे चिकटवायचा पिठाचा गोंद. मला कसे ठाऊक असणार? चौकशी करते म्हटले.

"पट्ट्यांवरून का गेला नाहीत?" मी विचारले.

"हातगाडी होती ना पुस्तकांची."

"सत्तेचाळीस मीटर तर आहे. मी चालून पाहिलं, अडतीस सेकंद."

"रिकाम्या हातांनी?"

मी जबाबाच्या कागदावर तारीख घातली.

"गाडी घेऊन जाऊन बघा एकदा," तो म्हणाला. बोलण्यात राग नव्हता, शिकवणी घ्यावी तसे सांगत होता. मग म्हणाला, "आणि अर्ज दिला होता की आम्ही. दीड वर्ष होत आलं. तिथं पट्टे मारून द्या म्हणून. वीस सह्या होत्या."

"कुणाला दिला?"

त्याने बायकोकडे पाहिले. "ऑफिसात," म्हणाला.

'ऑफिसात'! हे उत्तर मला तोंडपाठ आहे. काही बिनसले की प्रत्येकाने अर्ज दिलेला असतो आणि तो नेहमी 'ऑफिसात' दिलेला असतो. दिला असता तर तो माझ्या फाइलीत असता. माझ्या फाइलीतून कागद हलत नाही.

निघताना बायको म्हणाली, "बाई, यांना दुसरं काही येत नाही हो."

खळीचे भांडे झाकलेले नव्हते. वर बुरशी आली होती. शिपायाला सांगून घासून घेतले.

२४ जानेवारी

शनिवार, कोणी नसताना हातगाडी घेऊन गेले. जाडजूड कोशाचे बारा खंड ठेवले होते. पदपथावर दिव्याचा खांब आहे, त्याच्याजवळ गाडी अडते. रस्त्यावर उतरवावी लागते आणि मग सत्तेचाळीस मीटर मोटारींच्या पुढ्यात चालावे लागते. सहा मिनिटे. दोन खंड पडले.

यावरून काही सिद्ध होत नाही. गाडी अरुंद घ्यावी, असे सुचवता येईल.

२८ जानेवारी

पट्टे तिथेच का आखले, याची कागदपत्रे मागवली. अभियंता स्वतःच आला. भला माणूस आहे, पण हातात पेन्सिल असली तरच बोलतो.

"मॅडम, तुम्ही होतात की पाहणीला."

"होते. इतिवृत्त मीच लिहिलं. पण जागा कशावरून ठरली, ते त्यात नाही."

"रविवार होता ना. सगळे मिनीबसमधून गेलो. साहेब म्हणाले, बसमधूनच बघू, सगळं दिसतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग ड्रायव्हरने प्रशासकीय इमारतीसमोर बस लावली."

"तिथेच का?"

"सावली होती तिथं. साहेबांनी दार उघडलं, म्हणाले, इथे काय वाईट आहे? मी उतरून खडूने खूण केली."

पादचाऱ्यांसाठी समिती, आणि सात जणांतल्या एकाचाही पाय जमिनीला लागला नाही! अभियंत्याचा लागला, तोही खडूपुरता. असल्या माणसांच्या हाती विद्यापीठ आहे, याची मला त्यांच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल लाज वाटते.

न्यायाने हेही लिहायला हवे की मीही उतरले नव्हते. ऊन होते.

३ फेब्रुवारी

अर्ज सापडला.

'परत केलेले' या फाइलीत होता. म्हणजे माझ्या फाइलीतून कागद हलत नाही, हे खरेच निघाले. वहीचे फाडलेले पान. अक्षर बाइंडरचे असावे, शिवणीसारखे सरळ. 'ग्रंथालयाच्या मागच्या दारासमोरून सगळे जातात. तिथे पट्टे मारून द्यावे. खांबामुळे हातगाडी पुढे नेता येत नाही. कोणाला लागेल, मग उशीर होईल.' खाली वीस सह्या. उजव्या कडेला, उभा, माझ्या हातचा शेरा: 'विहित नमुन्यात नाही. परत.' तारीख पाहणीच्या आधीच्या आठवड्यातली.

परतही गेला नव्हता, कारण खाली पत्ता नव्हता. 'ग्रंथालय, तळघर' एवढेच होते. मी त्याला पत्ता मानला नसावा.

शेरा नियमाप्रमाणे बरोबर आहे. नियमावली पुन्हा काढून वाचली. अशा मागण्या छापील नमुन्यातच घ्यायच्या, आणि त्यातला चौथा रकाना, 'मागणीचा प्रकार', रिकामा असला तर अर्ज परत करायचाच. मी दुसरे काही करू शकले नसते. दोनदा वाचून खात्री केली.

सातवी सही ओळखीची आहे. खाली तिरपी रेघ आणि रेघेवर दोन टिंबे. तशी सही करायला मीच शिकवले होते, ती दहा वर्षांची असताना.

डोके दुखते आहे. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

५ फेब्रुवारी

भाचीला विचारले, "तू सही केली होतीस, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षाला होते. तू भाजी चिरत होतीस."

"मी काय म्हणाले?"

"म्हणालीस, विहित नमुन्यात आण."

मला आठवत नाही. पण मी असे म्हणाले असेन, याबद्दल शंका नाही.

"मग आणला का नाहीस?"

"मावशी, नमुना मिळतो कुठे?"

"माझ्या टेबलावर."

"तेच ना," ती म्हणाली, आणि माझी कपबशी विसळून ठेवली. ती सहसा माझी कपबशी विसळत नाही.

१० फेब्रुवारी

कुलसचिवांनी मसुदा तयार करून दिला. दहा पाने. निष्कर्ष पहिल्याच पानावर: 'पादचाऱ्याने क्रॉसिंगचा वापर न केल्याने अपघात घडला. चालकाची चूक आढळत नाही.' आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात. इथे पीठ खाणाऱ्याने दळणाची पावतीही स्वतःच लिहिली.

"फक्त सही करा," ते म्हणाले. "आणि ती तुमची मोजणी जोडू नका. चारशे बारा वगैरे वाचून लोक घाबरतात."

"सर, एक अर्जही आहे."

त्यांनी वाचला. कागद उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग खुर्ची माझ्याकडे वळवली, जी ते कधी वळवत नाहीत.

"मॅडम, हा शेरा कुणाचा?"

"माझा."

"मग? स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता? फाइल बंद होती ना, ती बंद राहू द्या. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने माझ्या भल्याचे सांगितले. ते ऐकावेसे वाटले, हे इथे लिहून ठेवते. जिना उतरेपर्यंत मी ऐकायचे ठरवलेही होते. खाली आल्यावर वाटले, यांच्याशी माझे मत पुन्हा जुळते आहे.

२७ फेब्रुवारी

अहवाल दिला. अडीच पाने. मसुदा वापरला नाही.

जोडपत्र एक: मोजणी. 'पाळणारे' आणि 'मोडणारे' हे मथळे खोडून 'पट्ट्यांवरून' आणि 'खिंडीतून' असे केले. चारशे बारा खोडून चारशे तेरा केले आणि दुरुस्तीवर सही केली. सभासदांनी विचारले तर सांगावे लागेल, ही भीती होती. कोणी विचारले नाही. आकडा एकाने बदलला तरी त्यांना काय! सरासरी तीच राहते.

जोडपत्र दोन: अर्ज, शेऱ्यासकट.

बैठकीत बराच गोंधळ झाला. सरासरी म्हणाले, "म्हणजे ही सगळी चूक यांच्या कार्यालयाची! मी उगाच दीड महिना झोपलो नाही." अर्ज हातात येताच त्यांना बाइंडरबद्दल एकाएकी माया वाटू लागली. "बिचारा गरीब माणूस, इशारा देत होता आणि यांनी ऐकलं नाही," असे दोनदा म्हणाले. बिस्किटे संपली होती.

ठराव: पादचाऱ्याची चूक सिद्ध होत नाही, कंत्राट पुढे चालू. चालकाबद्दल एक अक्षर नाही. चिटणिसांकडून खुलासा मागवावा. पुन्हा पाहणी करावी. इतिवृत्त माझ्याच हातात असल्याने 'पाहणी करावी'च्या आधी मी 'मंगळवारी सकाळी साडेदहाला, पायी' असे लिहिले. यातला एकही शब्द कोणी उच्चारला नव्हता. वीस वर्षांत इतिवृत्तात मी घातलेले हे पहिले खोटे. सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या.

१० मार्च, मंगळवार

पायी पाहणी. कुलसचिव नव्या बुटांत आले. मी हातगाडी आणवली होती आणि तीत तेच बारा खंड. "नमुन्यादाखल," म्हटले आणि दांडा सरासरींच्या हातात दिला. चार माणसे बघत असल्याने त्यांना नाही म्हणता आले नाही.

ते खिंडीच्या तोंडाशी चार मिनिटे उभे होते. मोटार थांबेना. एकीने तर हॉर्न वाजवला.

"काय ही माणसं चालवतात!" सरासरी ओरडले. "दिसत नाही का यांना?"

मागून मुलांचा लोंढा आला, त्याने त्यांना गाडीसकट पलीकडे नेऊन सोडले. कुलसचिव अलीकडेच राहिले. एका हाताने फाइल छातीशी धरून दुसरा हात ते मोटारींना दाखवत होते, पण त्यांना कोणी ओळखत नव्हते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले,

"इथे पट्टे का नाहीत, मॅडम? जबाबदार कोण याला?"

मी त्यांना नाव सांगितले. माझे. ते उत्तर पूर्ण नव्हते, पण तेवढे मला खात्रीने ठाऊक होते.

१८ मार्च

खुलासा दिला. 'शेरा माझा. नियमाप्रमाणे होता' असे लिहिले. मग दुसरे वाक्य कापले आणि नवी प्रत टंकली.

ताकीद मिळाली. ती सेवापुस्तकात नोंदली जाईल.

२ एप्रिल

खिंडीसमोर पट्टे आखले. खांब हलवायला दोन माणसे आणि एक दुपार पुरली. भाचीने फोनवर फोटो पाठवला, खाली काही लिहिले नव्हते. मी उत्तरात काय लिहावे ते सुचेना, म्हणून 'पाहिले' असे लिहिले.

सरासरी परवा कोणाला तरी सांगत होते की ही जागा त्यांनी सुचवली.

१३ एप्रिल, सोमवार

बाइंडर आजपासून कामावर. काठी घेऊन चालतो.

समितीची दोन वर्षांची कागदपत्रे बांधायची होती. शिपायाकरवी पाठवता आली असती. मीच नेली. तळघरात मी यापूर्वी कधी गेले नव्हते. खळीचा आंबूस वास, एक दाबयंत्र, आणि भिंतीला ओळीने टांगलेले दोऱ्यांचे गुंडे.

शिवायच्या आधी तो पाने लावून बघतो. वाचत नाही, फक्त क्रम. अंगठा ओला करून सरसर उलटत होता. अर्जाशी थांबला. मी खिडकीकडे पाहिले. तळघराची खिडकी उंच आहे, तीतून रस्त्यावरचे पाय तेवढे दिसतात. बरेच पाय जात होते.

पान सरळ करून त्याने कडेवर बोट ठेवले.

"मॅडम, कटिंगला ही कडा जाईल. शेरा कडेलाच आहे. जाऊ द्यायचा?"

त्याच्या आवाजावरून त्याला शेरा कोणाचा ते ठाऊक आहे की नाही, कळले नाही. अजूनही कळलेले नाही.

"नको," मी म्हणाले. "राहू द्या."

"मग हे एक पान बाकीच्यांच्या बाहेर येईल. वही बंद केली तरी दिसेल."

"येऊ द्या."

त्याने पान जागेवर ठेवले आणि सुईत दोरा ओवला.